उतरायची गाडी

सुलक्षणा दौंडला उतरली तेव्हा आप्पा नेहमीच्या जागी उभे होते. स्टेशनाबाहेर चिंचेच्या सावलीत लाल गाडी, आणि तिच्यापासून हातभर अंतर ठेवून आप्पा. गाडीला टेकून उभं राहणं त्यांना चालत नसे. सोलापूरची रेल्वे चाळीस मिनिटं उशिरा आली होती. त्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सोलापूरच्या कॉलेजातलं तिचं ग्रंथालय बंद असे. ती सकाळच्या रेल्वेनं निघायची, आणि आप्पा निमोण्याहून दौंडपर्यंत तिला न्यायला यायचे. दौंडहून एसटी होती, पण ती दोघांनीही कधी विचारात घेतली नव्हती.

"खाल्लं का काही?"

"डबा होता."

"मग पट्टा लाव."

भीमेचा पूल मागं पडला की सरळ रस्ता लागे, आणि तिथं आप्पा गाडीला तिच्या मनासारखं पळू देत. डाळिंबाच्या एका चांगल्या वर्षात घेतलेली ती ऑक्टेव्हिया आरएस, पळण्यासाठीच केलेली बसकी गाडी. गावानं तेव्हा ट्रॅक्टर नाहीतर जीप घेतली होती, आप्पांनी ही. आता तिला वीस वर्षं होत आली होती. आप्पा गिअर कधी बदलत ते कळायचं नाही. फक्त बाहेरचा ऊस एकाएकी वेगळ्याच वेगानं मागं जायला लागायचा. मांडीवर पुस्तक उघडं ठेवून सुलक्षणा त्यांचा डावा हात बघत राही. कितीतरी पुस्तकं तिनं या रस्त्यावर अशी वाचली नव्हती.

"तू कवा शिकणार चालवायला?" त्यांनी विचारलं. हेही दर वेळचं होतं.

"बघू," ती म्हणाली.

तिच्या पर्समध्ये, ग्रंथालयाच्या ओळखपत्रामागं, एक वर्ष चार महिन्यांचं लायसन होतं. दोनदा नापास होऊन मिळवलेलं. या खेपेला सांगायचं असं तिनं रेल्वेत ठरवलं होतं. मागच्या खेपेलाही ठरवलं होतं. पण सांगितलं की आप्पा दौंडलाच किल्ली तिच्या हातात देणार, स्वतः डाव्या सीटवर बसणार, आणि मग तिला नुसता रस्ता दिसणार. एवढं एकदा तसंच जाऊ दे, पुढच्या महिन्यात सांगू.

निमोण्यात शिरताना शाळेपुढं मोठा स्पीडब्रेकर होता. गावानं तो ट्रॅक्टरच्या हिशेबानं घातला होता आणि ही गाडी जमिनीपासून वीतभरही वर नव्हती. म्हणून आप्पांचा नियम होता: ब्रेकर आला की सगळ्यांनी उतरायचं. वजन कमी झालं की गाडी दोन बोटं वर उठते. मग आप्पा एकटे ती तिरकी घेत, एकेक चाक चढवत आणि उतरवत, आणि बारा पावलं पुढं जाऊन थांबत. उतरलेल्यांनी चालत यायचं आणि पुन्हा बसायचं. पाहुणे, सोयरे, कारखान्याचे संचालक, सगळे उतरले होते. थोरली सून वैष्णवी लग्नाच्या दिवशी शालू सावरत उतरली होती. समोरचा चहावाला तात्याबा वीस वर्षं एकच वाक्य बोलायचा, तेच आजही बोलला:

"मच्छिंद्र, लोक गाडी घेत्यात बसायला. तू घेतली उतरायला."

सुलक्षणा उतरली, बारा पावलं चालली. आप्पांनी आतून हात लांबवून दार उघडलं.

रात्री त्यांनी पिठलं-भाकरी खाल्ली, मोटरच्या स्टार्टरवरून धाकट्या मुलाला, इंद्रजीतला बोलले, झोपले. सकाळी डाळिंबात पाण्याचा व्हॉल्व्ह बघायला गेले ते परत आले नाहीत. इंद्रजीत बघायला गेला, तर ते बांधावरच्या लिंबाला पाठ टेकून बसले होते. त्यांना असं टेकलेलं कुणी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला लांबूनच कळलं.

*

गाडी विकायचं पहिल्यांदा तोंडातून काढलं ते सुलक्षणाच्या आईनं, दगडाबाईनं. मुलांना त्याचं नवल वाटलं, पण तिला नव्हतं. तिला मच्छिंद्र गाडीच्या कितीतरी आधीपासून माहीत होता. लग्न ठरवायला तो आला होता तो पंक्चर सायकल हातात धरून, दोन मैल चालत. तो त्या लाल गाडीत कुठंतरी उरलाय असं पोरांना वाटतंय, हे तिला दिसत होतं. पण तिच्या गुडघ्यांना थांबायला वेळ नव्हता.

सोमवार आणि गुरुवार तिला व्यायामासाठी शिरूरला दवाखान्यात जावं लागे. लाल गाडीत बसणं म्हणजे खड्ड्यात बसणं. बसताना ती आपोआप खाली जाई, उठताना मात्र दोन्ही लेक ओढायला लागत. म्हणून ती कांद्याच्या पिकअपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून जायची. पिकअप उंच होती, पण तिचा वास लुगड्याला दोन दिवस राही. दवाखान्यातल्या बाईनं एकदा विचारलं होतं, "आजी, भाव काय चाललाय?"

आप्पांना जाऊन आठ महिने झाले होते. आज रविवार होता आणि गिऱ्हाईक अकराला येणार होतं. ओट्यावर चहाचे कप होते आणि स्टीलच्या तांब्याखाली दाबलेला एक कागद. गाडी दगडाबाईच्या नावावर करायला तिघा मुलांच्या सह्या लागत होत्या. सत्यजीतनं केली होती. इंद्रजीतनं दोन महिने नाही म्हणून गेल्या गुरुवारी केली होती. सुलक्षणाची जागा रिकामी होती.

"तू तर माझ्या बाजूला होतास," सुलक्षणा इंद्रजीतला म्हणाली.

"व्हतो की," इंद्रजीत म्हणाला. तो रांजणगावच्या कंपनीत शिफ्ट करायचा आणि आत्ताच रात्रपाळी करून आला होता. "गुरुवारी पिकअप बंद पडली, म्हणून आईला ह्या गाडीनं नेलं. दवाखान्यापुढं मी आन् दादानं आईला ओढली. आई भाइर आली, चप्पल आत राहिली, आन् मी फुटपाथवर बसलो. समोर सगळं शिरूर बघाया."

"सगळं नव्हतं," सत्यजीत म्हणाला. "निम्मं."

वैष्णवी आतून हसली. ती उंबऱ्यात येऊन पदराला हात पुसत म्हणाली, "ताई, मला इचारा. शालू, मुंडावळ्या, आन् आप्पा म्हणत्यात, सूनबाई, दोन मिनिटं उतरा. मला वाटलं, गावाची रीतच असंल. मी आपली शाळेलाच नमस्कार केला."

"तू शाळेला नमस्कार केलावता?" सत्यजीत म्हणाला. "बारा वर्षांत बोलली नाहीस."

"तुम्ही इचारलं कवा?"

सुलक्षणाही हसली. मग कागदाकडं बघितलं आणि हसू ओसरलं. सत्यजीतला ते दिसलं. तो सगळ्यात थोरला. शेती, आई, गाडीचा विमा, सगळं त्याच्याकडं होतं. बहिणीवर चिडणं त्याला कधी जमलं नव्हतं, म्हणून तो आईवर चिडला.

"आई, तुलाच घाई. वर्ष तर होऊ दे."

"वर्षानं गुडघं बरं व्हनार हायत का?" दगडाबाई म्हणाली. "मला उंच गाडी पायजे. पाय टाकला की सीट. रंग कुठला का आसंना." मग ती सुलक्षणाकडं वळली. "सुले, तुझं काय म्हननं हाय त्ये तरी सांग. नको म्हनलीस तर मी न्हाई इकत. पन गप बसू नगं. तुझ्या बापाची सवय घेतलीस ती."

सुलक्षणानं कप गोळा केले आणि आत नेले.

*

राहूहून म्हस्कू आबा, त्यांचा मुलगा शंभू आणि सून प्रतिभा शेजाऱ्याच्या जीपमधून आले. किमतीचं फोनवर ठरलेलं होतं. शंभू तिशीचा, दौंडला रेल्वेत नोकरीला. प्रतिभा मोकळी, बोलकी. म्हस्कू आबांनी तरुणपणी मेंढरं राखली होती. आता राहूला त्यांचा ऊस होता, पण डोक्याला पटका आणि नजर जुनीच होती. त्यांनी चहा घेतला आणि गाडीच्या रंगाकडं, काचांकडं न बघता सरळ अंगणात पोतं मागितलं.

"पोतं कशाला?" सत्यजीतनं विचारलं.

"निजाया."

पोत्यावर उताणे होऊन म्हस्कू आबा गाडीखाली सरकले. बाहेर नुसती पायताणं राहिली. आतून आवाज आला, "शंभ्या, मोबाइलची बत्ती दे."

"आबा, लोक इंजिन बघत्यात," शंभू ओशाळून म्हणाला.

"बघू देत. मेंढरू घ्यायचं तर लोकर बघू न्हाई. पोट बघावं." बराच वेळ उजेड पुढून मागं आणि मागून पुढं फिरला. मग ते बाहेर आले आणि पाठ झटकत दगडाबाईसमोर उभे राहिले. "बाई, किती वर्सं झाली म्हनला?"

"विसाला दोन कमी."

"आन् गाडी ह्याच गावात? त्यो मगाचा शाळंफुडचा डोंगर वलांडून?"

"रोज."

"पोटाला एक वरखडा न्हाई," म्हस्कू आबा म्हणाले. "येक बी न्हाई."

इंद्रजीतनं मान फिरवली आणि उगाच जीपकडं बघितलं. वीस वर्षं ज्यांनी ज्यांनी उतरून बारा पावलं चालली होती ते सगळे त्या क्षणी अंगणात आल्यासारखे झाले. दगडाबाईनं डोळ्याला पदर लावला, पण ती हसत होती.

"उतरायचो आम्ही," ती म्हणाली. "सगळी उतरायचो."

मग ट्रायल. शंभू चालवायला बसला, शेजारी सत्यजीत. मागं म्हस्कू आबा, इंद्रजीत आणि सुलक्षणा. शाळेपुढं ब्रेकर आला, शंभूनं वेग कमी केला, आणि तीन दारं एकदम उघडली. तिघं भावंडं उतरली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. मागं म्हस्कू आबा तेवढे पटका सावरत बसून राहिले.

शंभूनं गाडी तिरकी घेतली. डावं पुढचं चाक, मग उजवं. मागचं डावं, मग उजवं. आवाज आला नाही. पलीकडं गेल्यावर बारा पावलांवर तिनं थांबायला हवं होतं. ती थांबली नाही. गिअर बदलला आणि न्हावऱ्याच्या रस्त्यानं निघून गेली.

तिघं रस्त्यावर उभी राहिली.

"गेला," इंद्रजीत म्हणाला.

"येईल."

"दादा, व्यवहार झाला न्हाई अजून. चोरीची तक्रार द्यायची का?"

"त्याचा बाप आत हाय. बाप घेऊन कोण चोरी करतं?"

समोरून तात्याबानं तीन बोटं वर करून चहाचं विचारलं. मग काही सुचून तो पुढं आला आणि मोठ्यानं म्हणाला, "आज तर उतरून गाडीच गेली व्हय रं?"

आधी सत्यजीत हसला. तो सहसा हसत नसे, पण हसायला लागला की थांबत नसे. कमरेवर हात ठेवून तो वाकला. इंद्रजीत शाळेच्या भिंतीला टेकला. सुलक्षणा हसता हसता खाली बसली, आठ महिन्यांत पहिल्यांदा, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते कशाचं हे बघायला कुणी थांबलं नाही.

"सुले," सत्यजीत श्वास घेऊन म्हणाला, "काय अडलंय तुझं? पैशाचं नाही, मला माहीत हाय."

"गाडीचं नाही," ती म्हणाली. "एक सांगायचं राहिलंय."

"कुणाला?"

ती गाडी गेली त्या रस्त्याकडं बघत राहिली. त्यानं पुन्हा विचारलं नाही. तात्याबाचा चहा आला तो तिघांनी उभ्यानंच घेतला.

*

पाऊण तासानं शंभू परत आला तो घाबराघुबरा. "दादा, माफ करा. तुम्ही तिघं उतरला, मला वाटलं मला मोकळी चालवायला दिली. न्हावऱ्याच्या फुडं गेलो. आबाच म्हनले, माणसं राहिली की रं."

"मी सांगायचं मुद्दाम लांबवलं," मागून म्हस्कू आबा म्हणाले. "बरं वाटत व्हतं बसाया."

अंगणात आल्यावर सुलक्षणानं विचारलं, "तिरकी घ्यायची हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आप्पांनी," शंभू म्हणाला. तिच्या चेहऱ्याकडं बघून तो थांबला, मग हळू बोलायला लागला. "तुम्हाला ठाव नसंल, ताई. आप्पा दुसऱ्या शनिवारी तुमच्या रेल्वेच्या तास-दीड तास आधी यायचे."

"रेल्वे तर कायम उशिरा यायची."

"त्ये धरून येगळं. चिंचंची सावली धरायची म्हनायचे, न्हाईतर दुसरं कुनी लावतं. मी ड्यूटीवरनं सुटलो की तिथंच जायचो, गाडी बघाया. एकदा टेकलो, तर म्हनले, भिंत तिकडं हाय." तो हसला. "मग वळख झाली. बॉनेट उघडून दाखवायचे. एक दिवस चालवाया पन दिली, आमच्या रेल्वे कॉलनीत, दोन चकरा. तिथं तिरकी घ्यायला शिकवली."

सुलक्षणाला पहिल्यांदा राग आला. इतका की तिला स्वतःचंच आश्चर्य वाटलं. आप्पांनी ती गाडी सत्यजीतलासुद्धा दोन वर्षं मागं लागल्यावर चालवायला दिली होती.

"अशी कशी दिली?" ती म्हणाली. "कुणाला द्यायचे नाहीत ते."

"मी काय केलं न्हाई, ताई. नुसतं म्हनलो, आप्पा, मला येती चालवाया." शंभूनं खांदे उडवले. "तर म्हनले, मग बस की. येवढंच."

तेवढंच वाक्य तिचं सांगायचं राहिलं होतं. मग ती ओट्यावर गेली, तांब्या बाजूला केला, सत्यजीतच्या खिशातलं पेन घेतलं आणि सही केली. पूर्ण नाव लिहिलं: सुलक्षणा मच्छिंद्र. कागद आईच्या हातात दिला.

"कॉलनीत ब्रेकर किती आहेत?" तिनं प्रतिभाला विचारलं.

"तीन," प्रतिभा म्हणाली. "वैष्णवी वैनी सांगत होत्या मगाशी, उतरायचं असतं म्हणून. उतरेन मी. डॉक्टरांनी चालायला सांगितलंच आहे."

"बारा पावलं पुढं थांबायचं, हे यांना सांगा."

"ते मी सांगते चांगलं."

सुलक्षणानं शंभूपुढं हात केला. "एकदा किल्ली द्या. शाळेपर्यंत जाऊन येते."

इंद्रजीत ओट्यावरून उठला. "ताई, ही गाडी हाय. ग्रंथालयाची ट्रॉली न्हाई."

"ठाऊक आहे."

"तुला येतं कुठं?"

ती चालवायच्या जागेवर बसली आणि सीट पुढं ओढली. शंभूनं ती मागं सरकवली होती, त्यामुळं आप्पांची सीट हलवल्याचं पाप तिच्यावर आलं नाही. दगडाबाई काठी टेकत आली आणि डावं दार उघडलं.

"आई, तू कुठं?" सत्यजीत म्हणाला. "परत काढायचं कोणी?"

"तुमी दोगं कशाला हायत?" असं म्हणून ती सीटवर पडलीच. "चला बसा मागं. कवा शिकलीस गं, सुले?"

"सांगते."

गाडी चालू झाली आणि लगेच बंद पडली. मागून इंद्रजीतनं खाकरल्यासारखं केलं. म्हस्कू आबा ओट्यावरून म्हणाले, "क्लच दमानं सोड, बाय." तिनं दमानं सोडला. गाडी फाटकातून बाहेर पडली, पारावरून वळली. दुसरा गिअर, तिसरा. डावा हात जिथं जायचा तिथं आपोआप जात होता. इतके शनिवार तिनं तो हात पाहिला होता, तो वाया गेला नव्हता.

ब्रेकर आला. सत्यजीत आणि इंद्रजीत उतरले. दगडाबाई हलली नाही.

"आई?"

"मी काय उतरत न्हाई. एकदा बसले ती बसले."

"घासंल, ताई," इंद्रजीत बाहेरून म्हणाला. "आप्पांनी कुनाला बसवून न्हाई काढली कवा."

"तुम्ही दोघं खाली बघा आणि सांगा."

दोघं भाऊ दोन्ही बाजूंना रस्त्यावर गुडघे टेकून वाकले. तात्याबा किटली तशीच ठेवून आला आणि तोही वाकला. सुलक्षणानं गाडी उजवीकडं घेतली, मग डावीकडं तोंड केलं. डावं पुढचं चाक चढलं.

"हां," सत्यजीतचा आवाज. "थोडं अजून. अजून."

उजवं चढलं. गाडीचं पोट ब्रेकरवर आलं. दगडाबाईनं श्वास धरला आणि अंग वर उचललं, जणू त्यानं वजन कमी होणार होतं. सुलक्षणानं क्लच अर्ध्यावर धरून ठेवला.

"बोटभर हाय," इंद्रजीत म्हणाला. "जाऊ दे. जाऊ दे. जाऊ दे."

मागचं डावं चाक उतरलं. मागचं उजवं उतरलं. कशाचा आवाज झाला नाही. तात्याबा उठून उभा राहिला, आणि वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला बोलायला काही सुचलं नाही.

सुलक्षणानं गाडी बारा पावलं पुढं नेली आणि थांबवली. आरशात दोघं भाऊ गुडघे झटकत चालत येताना दिसत होते. तिनं मागं हात लांबवून त्यांच्यासाठी दार उघडलं. मग पुन्हा समोर बघून बसली. रस्ता रिकामा होता.

"आप्पा," ती मोठ्यानं म्हणाली, "मला येते गाडी. दोन वर्षं झाली."